साइड देता का राव? मराठवाड्यात गाडी चालवताना नेहमी पडणारे प्रश्न

मी लातूर, अंबाजोगाई, बीड, संभाजीनगर ह्या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं गाडी चालवतोय, आधी दुसऱ्याची भाड्याची जीप, मग स्वतःची गाडी, आणि गावात रोजची दुचाकी. खालचे प्रश्न कोणी ना कोणी विचारलेलेच आहेत, कोणी टपरीवर, कोणी शेजारच्या सीटवर बसून, आणि दोन-तीन तर शिव्या खाल्ल्यावर मी स्वतःलाच विचारलेत. जिथं कायदा पक्का माहितीय तिथं कायदा सांगितलाय, बाकी सगळा अनुभव.

म्हणजे काय, सगळ्यांना पुढं जाऊ द्यायचं आणि आपण मागं राहायचं का?

असं कोण म्हणलं. माझं म्हणणं एवढंच की मी आता काय करणाराय ते आजूबाजूच्याला दोन सेकंद आधी कळलं पाहिजे, त्याला सभ्यपणा म्हणा नाहीतर अक्कल म्हणा. केजच्या अलीकडं एकदा माझ्या पुढच्या जीपवाल्याला शेळ्या घेऊन कडेला थांबलेली आजी दिसली, गडी चांगल्या मनाचा, त्यानं तिथंच कचकन ब्रेक मारला आणि हात दाखवला, जा आजी. मी त्याच्या मागं कसाबसा थांबलो, माझ्या मागचा दूधवाला नाही थांबू शकला, दोन कॅन डांबरावर आणि त्याचा गुडघा फुटला. आजी तर घाबरून पलीकडं गेलीच नाही. आता त्या जीपवाल्याचं मन वाईट होतं का, अजिबात नाही, पण त्यानं आजीला कळवलं आणि मागच्या दोघांना नाही कळवलं. हळूहळू स्पीड कमी केली असती, ब्रेक दोनदा हलका दाबून मागं लाल दिवा दाखवला असता, तर तेच चांगलं काम कोणाचं दूध न सांडता झालं असतं.

हॉर्न नेमका कधी वाजवायचा? आमच्याकडं तर गाडी चालू केली की वाजवतेत.

हॉर्नचा अर्थ "मी इथं हाय" एवढाच. "बाजूला सरक", "सिग्नल सुटला की", "काय करायलास रे" हे अर्थ आपण लावलेत. वळणावर समोरचं दिसत नाही तिथं वाजवा, गल्लीतून मेन रोडला निघताना वाजवा, पोरगं बॉल घेऊन पळतंय तिथं वाजवा. म्हाताऱ्या माणसाच्या मात्र पाठीत जाऊन वाजवू नका, तो दचकून कुठल्या बाजूला उडी मारंल सांगता येत नाही, बैलाचं पण तसंच. लांबूनच एकदा बारीक वाजवायचा आणि स्पीड कमी करायची, त्यांना मान वळवायला वेळ लागतो.

दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या आजूबाजूचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जे बदल झाले त्यात विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवायला पहिल्यांदा १ हजार आणि नंतर २ हजार दंड लिहिलाय. ट्रकच्या मागं "हॉर्न ओके प्लीज" लिहायला आपल्या राज्यात २०१५ लाच मनाई झाली, कारण ते वाचून मागचा माणूस आमंत्रण आल्यासारखा वाजवतो. तरी अजून लिहितात. प्रेशर हॉर्न आणि ती कर्कश गाणी वाजवणारे हॉर्न तर बसवायचेच नसतेत, पण लग्नाच्या सीझनला रस्त्यावर कान देऊन बघा.

सिग्नलला १२ सेकंद बाकी असताना मागून पेंपें करणाऱ्याला काय म्हणायचं मला अजून सुचलेलं नाही.

पुढचा ट्रकवाला उजवीकडचा इंडिकेटर देतोय, म्हणजे जा म्हणतोय का नको म्हणतोय?

हा लाखाचा प्रश्न आहे आणि याच्यावर माणसं मेलीत. जुन्या दोन लेनच्या रोडवर काही ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देतात म्हणजे "समोर मोकळं हाय, काढ", काही देतात म्हणजे "समोरून गाडी येतीय, थांब", आणि काहींना खरंच उजवीकडं वळायचं असतं, पुढं ढाबा नाहीतर पंप असतो. पुस्तकात एकच अर्थ आहे, उजवीकडं वळणार किंवा सरकणार. तर मग काय करायचं, तर त्याच्या इंडिकेटरवर आपला जीव टाकायचा नाही. थोडं मागं राहायचं, मागं राहिलं की त्याच्या बाजूनं जास्त लांबचं दिसतं, अगदी चिकटून गेलं की फक्त त्याची ताडपत्री दिसते. स्वतःच्या डोळ्यानं मोकळं दिसलं तरच काढायची.

आणि तुम्ही पुढं असाल तर मागच्याला इशारे देत बसू नका. तुमच्या इशाऱ्यावर तो निघाला आणि समोरून बुलेट आली तर? आपली लाइन धरून चाला, डावीकडं थोडं सरका, बास.

अप्पर-डिप्परची भाषा सांगा ना एकदा.

आपल्याकडं समोरच्यानं लाइट मारली म्हणजे "मी येतोय, तू थांब". बाहेरच्या काही देशांत उलटं असतं, लाइट मारली म्हणजे "तू जा आधी". माझ्या मेव्हण्याचा पोरगा दोन वर्षं बाहेर राहून आला आणि अरुंद पुलावर समोरच्यानं लाइट मारल्यावर हा आपला आभार मानून पुलावर चढला. दोघं मधोमध. अर्धा तास.

रात्रीचं मात्र नीट सांगतो कारण आपल्याकडं उन्हाळ्यात दिवसा गाडी चालवणं म्हणजे भाजून निघणं, सगळा प्रवास रात्रीच होतो. अप्पर म्हणजे लाइटचा झोत वर, डिप्पर म्हणजे खाली. समोरची लाइट दिसली की आपण आधी डिप्पर करायचं, त्यानं करायची वाट बघायची नाही. दोघंही "तो करंल मग मी करीन" म्हणत बसले की मधी चालत असलेला माणूस दोघांनाही दिसत नाही. तुम्ही केलं तरी त्यानं नाहीच केलं तर एकदा अप्पर मारून आठवण द्यायची, तरी नाही केलं तर सोडून द्यायचं, स्पीड कमी करायची आणि नजर डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची. सूड म्हणून आपण पण अप्परवर गेलो तर दोन आंधळे समोरासमोर, दुसरं काय. पुढं जाणाऱ्या गाडीच्या मागं असताना पण डिप्परच, त्याच्या आरशात तुमचा सगळा उजेड जातो.

त्या पांढऱ्याफेक एलईडी पट्ट्या बसवलेल्या जीपांबद्दल मी बोलत नाही, मला रक्तदाब आहे.

आपण ओव्हरटेक करायला लागलो की पुढचा नेमका तेव्हाच स्पीड वाढवतो, हे काय असतं?

इगो असतो. नियम साधा आहे, कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असताना आपण स्पीड वाढवायची नाही. तो राँग साइडला अडकतो, मागं पण येता येईना आणि पुढं पण जाता येईना, समोरून एसटी. उलट अर्धा सेकंद पाय सोडला की तो निघून जातो. बरं त्याला जाऊ देऊन काय जातं, पुढच्या फाटकावर तो तुम्हाला भेटणारच आहे.

उसाच्या ट्रॉल्यांचं काय करायचं?

दिवाळी झाली की कारखाने चालू होतात आणि मग पार उन्हाळा लागेपर्यंत माजलगाव, केज, अंबाजोगाई, लातूर सगळीकडं एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर तो उसाच्या वाढ्याखाली झाकलेला, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्यानं गाणी की तुम्ही हॉर्न वाजवून बॅटरी उतरवली तरी ड्रायव्हरला कळत नाही.

गाडीवाल्यासाठी सांगायचं तर, चढावर ट्रॉलीच्या अगदी मागं थांबू नका, कधी कधी ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचललं जातं आणि सगळं धूड मागं येतं. ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली झोला खाते, त्यामुळं नुसतं ट्रॅक्टर बघून अंदाज घेऊ नका, शेवटपर्यंत रस्ता मोकळा पाहिजे. आणि ड्रायव्हरला शिव्या देऊ नका, तो पोरगा दोन रात्री झोपलेला नसतो, कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस खाली करतात तिथं, नंबर लागायची वाट बघून आलेला असतो. टायरगाडीवाले, म्हणजे टायरच्या बैलगाडीवाले, ऊसतोड कामगार पहाटे अंधारात निघतात, गाडीवर बाई, लेकरं, भांडी सगळं. तिथं तर अक्षरशः चालत्या माणसाच्या स्पीडनं जा, बैल बुजला तर ती माणसं कुठं जाणार.

ट्रॅक्टरवाल्या भावांना पण सांगतो, लाल रिफ्लेक्टर टेपचा एक गुंडाळा डिझेलच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतो, दोन्ही ट्रॉल्यांना मागं आणि बाजूला लावा, आणि ऊस भरल्यावर दिसतोय का ते मागं जाऊन बघा. गाण्याचा आवाज कमी केला तर ट्रॅक्टर काय बंद पडत नाही. मागं चार गाड्या तुंबल्या की जिथं साइडपट्टी बरी आहे तिथं अर्धा मिनिट डावीकडं घ्या, मागचे लोक जाताना हात करतील, करून बघा.

आणखी एक, ट्रॉली पंक्चर झाली की मागं चार दगड आणि बाभळीची फांदी टाकायची पद्धत आहे. टाका, दुसरं काही हाताशी नसतं. पण निघताना ती दगडं उचला हो! मी आडसच्या रोडवर रात्री असाच एक दगड घेतला होता, ऑइल चेंबर फुटला, ट्रॉली कधीच गेलेली, दगड तेवढे सावध बसलेले. त्या रात्री मला ज्यानं दोरी बांधून ओढत नेलं तो पण उसाचाच ट्रॅक्टरवाला होता, आणि पैसे घेतले नाहीत, हे पण सांगितलं पाहिजे.

चौकात आधी कोण जायचं? मोठी गाडी ज्याची तो का?

प्रत्यक्षात तसंच चालतं, हायवा आला की सगळ्यांना नियम आठवतात. कागदावर असं आहे की मेन रोडवरच्याचा हक्क आधी, दोन्ही रोड सारखेच असतील तर तुमच्या उजव्या हाताकडून येणारा आधी, आणि गोल सर्कल असंल तर सर्कलमध्ये आधीच असलेला आधी, बाहेरून घुसणाऱ्यानं थांबायचं. ही २०१७ ची नियमावली आहे. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, तिथं प्रत्येकजण आत घुसायचा आणि आतला अडकून बसायचा म्हणल्यावर काय होतं ते बाजाराच्या दिवशी जाऊन बघा, त्यात हातगाडे आणि ॲपे. आतल्याला बाहेर काढल्याशिवाय बाहेरच्याला आत जागा होत नाही, एवढं साधं गणित आहे.

संभाजीनगरला जुन्या दरवाजांतून जाताना वेगळाच प्रकार. कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी बसते, तिथं सिग्नल नाही की पोलीस नाही, तरी बऱ्याचदा व्यवस्थित चालतं, चार इकडच्या गेल्या की चार तिकडच्या. कोणी शिकवलेलं नाही. बिघडतं कधी, तर पाचवा दुचाकीवाला "मी काय लहानाय, बसतो की" म्हणून चौथ्याच्या शेपटीला धरून घुसतो आणि त्याच्या मागं पंधरा.

घाटात?

रस्ता अरुंद असंल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं. कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की परत उचलताना क्लच जळतो, गाडी मागं सरकते. उतरणाऱ्याला काय, ब्रेक दाबला की थांबला. कन्नडच्या घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, तिथं दरीच्या बाजूला पण दगडी कठडाच आहे, देव नाही.

रेल्वे फाटक पडलं की उजवीकडून पुढं जाऊन थांबलं तर काय बिघडतं? जागा तर मोकळीच असते.

जागा मोकळी असते कारण ती समोरच्याची आहे. ह्या एका गोष्टीवर मी एक तास बोलू शकतो.

परभणी, पूर्णा, परळी ह्या बाजूला फाटकं भरपूर, काही ठिकाणी पूल झाले तरी बरीच बाकी. फाटक पडतं, डावीकडं शिस्तीत दहा गाड्या लागतात. अकरावा दुचाकीवाला उजवीकडून पुढं जातो, त्याच्या मागं ॲपे, त्याच्या मागं एक कार कारण तिला वाटतं हीच लाइन हाय. पलीकडच्या बाजूला पण तंतोतंत हेच चालू असतं. मग गाडी जाते, फाटक वर होतं, आणि रुळावर दोन सैन्यं समोरासमोर, दोन्हीकडच्या दोन्ही लेन भरलेल्या, कुणाला जायला इंचभर जागा नाही. गेटमन ओरडतो, पुढच्या गाडीचा सिग्नल द्यायचा असतो, सगळे हॉर्नवर. पाच मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांवर.

माझ्या वडलांना एकदा छातीत दुखायलं म्हणून आम्ही निघालो होतो आणि असंच फाटकावर अडकलो. समोर उजव्या लेनमध्ये आलेला एक पोरगा होता गाडीवर, मी उतरून त्याला म्हणलं बाबा थोडं मागं घे. तो म्हणला, काका मी घेतो पण माझ्या मागं बघा. बघितलं तर खरंच त्याच्या मागं ट्रक उभा होता. म्हणजे तो पोरगा वाईट नव्हता, तो फक्त पहिला होता. वडील नीट झाले, पण तेव्हापासून मी फाटकावर डावी लाइन सोडत नाही आणि मागून कोणी उजवीकडून निघायला लागला की खिडकीतून हात काढून त्याला माझ्यामागं बोलवतो. दहातले चार ऐकतात. फाटकाखालून वाकून दुचाकी काढणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांनी बघावं.

ॲम्ब्युलन्स आली तर कुठल्या बाजूला घ्यायचं?

डावीकडं, आणि इंडिकेटर देऊन. सगळेच एका दिशेला सरकले तर उजवीकडून वाट होते, अर्धे डावीकडं अर्धे उजवीकडं गेले की ड्रायव्हर गोंधळतो. सिग्नलवर असाल तर थोडं पुढं-बाजूला सरकून वाट द्या, पण सिग्नल तोडून चौकाच्या मधी जाऊन अडकू नका. वाट दिली नाही तर १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कायद्यात २०१९ पासून आहे, फायर ब्रिगेडच्या गाडीला पण तेच. आणि ॲम्ब्युलन्स गेली की तिच्या मागं चिकटून मोकळ्या रस्त्यानं सुसाट जायचं, ही जी हुशारी आहे ना, त्याच्यात आत झोपलेल्या माणसाच्या आजाराचा फायदा घेतल्यासारखं होतं. आणि ती अचानक थांबली तर तुम्ही तिच्या मागच्या दरवाजात.

चार पदरी रोडवर ट्रक उजव्या लेनमधूनच का चालतेत?

उजवी लेन ओव्हरटेकसाठी, काढली की परत डावीकडं यायचं, हे सगळ्यांना माहितीय. मी एका ट्रकवाल्या अण्णाला धुळे-सोलापूर हायवेवर ढाब्यावर विचारलं होतं, तो म्हणला, डावीकडं घेतलं की ट्रॅक्टर, राँग साइडनं येणारी मोटरसायकल, उभी काळीपिवळी, शेरडं, सगळं तिकडंच, माझं चाळीस टनाचं लेंढार मी किती वेळा इकडून तिकडं करू. खरंय त्याचं. तरी मागं रांग लागल्यावर मोकळा डावा पट्टा दिसला तर सरकायला काय जातंय.

समृद्धी महामार्गावर मात्र ही सबब चालत नाही. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यातून जातो तेवढ्यात तरी बघा, तिथं दुचाकी नाही, ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही, एका बाजूला तीन लेन. कारला १२० ची परवानगी आहे म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, एवढ्या स्पीडनं पुढच्याच्या बंपरला चिकटून लाइट मारत जाणारा माणूस घाईत नसतो, त्याला फक्त मोजता येत नाही. पुढचा ज्या खांबाजवळून गेला तिथं आपण यायला कमीत कमी दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत.

राँग साइड चुकीचंच, पण माझं शेत डिव्हायडरच्या पलीकडं आहे आणि डिव्हायडरमधला कट दोन-अडीच किलोमीटर पुढं. मी काय करू?

हे तुमचं दुखणं खरं आहे, रोड करताना शेतकऱ्याला कोणी विचारलेलं नाही. दिवसात चार चकरा म्हणल्यावर वीस किलोमीटरचं पेट्रोल. पण समोरून ऐंशीनं येणाऱ्याला सेकंदाला २२ मीटर रस्ता संपतो, तुम्ही त्याच्या हिशोबातच नसता, आणि संध्याकाळी दुचाकीचा एक दिवा लांबून पलीकडच्या रोडवर असल्यासारखा वाटतो. माझं मत, साइडपट्टीच्या बाहेरून गाडी हातानं ढकलत न्या, नाहीतर कटपर्यंत जा. कट मागायला ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन अर्ज करा, एकट्यानं नका करू, आजूबाजूच्या सगळ्या गावांनी मिळून करा.

दिंड्या, पायी चालणारे?

आषाढीला पैठणची नाथांची पालखी, शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत जाते, त्याशिवाय गावोगावच्या लहान दिंड्या, आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे, तेव्हा सोलापूरकडची वाहतूकच वळवतात. ज्या काळात ज्या रोडला माणसं चालतात तिथं शक्यतो दुसरा रोड धरा, नाहीतर वेळ हातात घेऊन निघा. हॉर्न नको, तिथं टाळ चालू असतो, ऐकू पण येत नाही. पावसाचं साचलेलं पाणी असंल तर अगदी हळू, धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर चिखल उडवून पुढं गेलेली गाडी पुढच्या मुक्कामापर्यंत शिव्या खाते. वारकरी देत नसतील, पण कडेला उभं राहून बघणारे देतात.

पहाटे चालणाऱ्यांनी निदान शेवटच्या माणसाच्या हातात बॅटरी द्यावी, आणि मागं लाल रुमाल वगैरे. अंधारात पांढरं सुद्धा वेळेवर दिसत नाही.

प्रेतयात्रा आली तर बाजूला घेऊन थांबायचं, गाणी बंद करायची. हे सांगायची वेळ येऊ नये पण आलीय.

रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून न्यायची का बाजूनं?

चूक त्याची आहे, पण खळं कुठं राहिलंय आता, आणि परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन कुठं वाळवणार. कधी कधी तूर नाहीतर सोयाबीनच्या काड्या मुद्दाम रोडवर टाकतात, गाड्यांनी मळणी फुकटात होती म्हणून. कार असंल तर हळूच न्या, काड्या खाली सायलेन्सरला अडकून पेटलेल्या गाड्या आहेत, पुढं गेल्यावर उतरून खाली बघा. दुचाकीवाल्यानं दाण्यांवर ब्रेक दाबायचाच नाही, गोट्यांवर चढल्यासारखं होतं. शेतकऱ्यांनी अर्धाच रोड घ्या आणि कडेनं दगड लावलेत ते संध्याकाळी घरी न्या, दगडांचं मी वर सांगितलंच आहे.

चालत्या गाडीतून थुंकणं?

गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, रस्त्याला अजून लाल रंग देणं चालू आहे. काच खाली झाली की मागचा दुचाकीवाला आपोआप दूर सरकतो, ही सवय लागलीय बघा लोकांना, म्हणजे केवढं झालंय हे. आरशात बघून थुंकलं तरी वारा आरशाचं ऐकत नाही. गाडीत एक रिकामी बाटली ठेवा.

एखाद्यानं कट मारला, मी पण मारू का? तो तर शिव्या देऊन गेला.

तुम्ही मारून बघा, मग तो परत येणार, मग तुमची पोरं मागच्या सीटवर रडणार, मग कोणाचा तरी "ओळखतो का मी कोणाय" होणार, आणि त्याच्या नंबरप्लेटवर ४१४१ चं "दादा" केलेलं असणार. मी तरुणपणी एकदा असा पाठलाग करून एकाला गेवराईच्या पुढं गाठलं होतं, तावातावानं उतरलो, तर तो आमच्याच गावच्या सोयरिकीतला निघाला, मला दाजी म्हणला. चहा त्यालाच पाजावा लागला. तेव्हापासून कोणी कट मारला की मी समजतो, असंल कोणीतरी भाचा.

चूक आपली असंल तर हात वर करायचा. एवढ्यानं समोरच्याची निम्मी वाफ जाते, काच खाली करून "चुकलं भाऊ" म्हणलं तर सगळी. आभार मानायला पण हातच, अरुंद जागी कोणी थांबला तर तळहात दाखवायचा, हॉर्न नाही, रात्री एकदा आतला दिवा लावून हात केला तरी दिसतो.

अपघात दिसला तर थांबायचं का? पोलिसांचं लचांड मागं लागतं म्हणतेत.

ती भीती जुनी आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम २०१९ ला कायद्यात आलं आणि २०२० ला त्याचे नियम, तुमचं नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची पण नाही, दवाखान्यात पैसे भरा म्हणून कोणी अडवून ठेवू शकत नाही. १०८ ला नाहीतर ११२ ला फोन करा, नॅशनल हायवेवर १०३३ पण चालतो, किलोमीटरचा दगड बघून जागा सांगा. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राची बक्षीस योजना पण आहे, आधी ५ हजार होते, २०२५ ला २५ हजार केले. पण थांबायचं म्हणजे आपली गाडी पूर्ण रस्त्याखाली घेऊन, पार्किंग लाइट लावून. वळणावर पाच गाड्या मदतीला उभ्या राहिल्या आणि सहावी त्यांच्यात घुसली असं झालेलं आहे. व्हिडिओ काढणाऱ्याला टॉर्च धरायला लावा, फोन तसाही हातातच असतो त्याच्या.

मागं एल लावलेली गाडी चढावर बंद पडली, मागं हॉर्न किती वेळ वाजवायचा?

शून्य. मागं जागा सोडायची, ती थोडी मागं येणार आहे. माझी पोरगी शिकत होती तेव्हा चौकात दोनदा गाडी बंद पडली, मी शेजारी बसलेलो. मागं एसटी होती, आम्हाला वाटलं आता फाडणार हा आपल्याला. त्यानं हॉर्न दाबलाच नाही, कंडक्टर दारात येऊन मागच्यांना हात करत होता, थांबा थांबा. तिसऱ्यांदा चालू झाली. पोरगी चौक ओलांडून गेल्यावर रडली, आणि आता नांदेडपर्यंत एकटी जाते, चढावर कोणाची गाडी बंद पडली की मागं एवढी जागा सोडते की मधी दुसरा येऊन घुसतो.